कपाळावरचा एच

मी जिना चढून वर पोचायच्या आत सरांचा प्रश्न खाली आलेला असायचा.

"इन्स्पेक्टर येऊन गेला काय ओ, मॅडम?"

खांद्यावरची पर्ससुद्धा उतरलेली नसायची. "बघते, सर," म्हणून मी कॉम्प्युटर सुरू करायची, मोडेम किरकिरायला लागायचा आणि सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. इन्स्पेक्टर आला नसला तर काळजी, की कधी येणार. आला असला तर दुप्पट काळजी, की त्याला काय दिसलं असेल. गॅस बंद केला का, हे बघायला बसस्टॉपवरून परत येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. सर गॅस बंद असल्याचं बघून निघायचे आणि बघताना चुकून चालू तर नाही ना झाला, म्हणून पुन्हा परत यायचे.

हा इन्स्पेक्टर म्हणजे कोणी माणूस नव्हता. सरांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. सरकारी परीक्षेच्या आधी इन्स्पेक्टर न सांगता येतो, मशिनं मोजतो, भिंतीवरची कोळिष्टकं बघतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो, या धास्तीत त्यांची उभी हयात गेली. मी त्यांना समजावलं होतं की सर्च इंजिनचा एक प्रोग्रॅम असतो, तो केव्हातरी येऊन आपलं पान वाचून जातो आणि त्यावरून आपला नंबर लागतो. सरांनी एवढंच विचारलं, "येताना सांगून येतो?" मी नाही म्हटलं. "मग इन्स्पेक्टरच की ओ," ते म्हणाले. तेव्हापासून आम्ही एखादं पान इंजिनला कळवलं की त्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून यायचे.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. लग्न होऊन मी नागपूरहून बंगळूरला आले होते. नवरा उजाडताच कंपनीच्या बसनं इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचा आणि मी मल्लेश्वरममधल्या दोन खोल्यांत भिंतींशी बोलत बसायची. मला वेब पानं करता येत होती, पण इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतचा प्रवास झेपत नव्हता. भाजी आणायला गेले असताना एका घराच्या वरच्या मजल्यावर 'वेब पेजेस करून मिळतील' असं चार भाषांत लिहिलेलं दिसलं. त्यातली एक मराठी होती. तेवढ्या एका ओळीसाठी मी जिना चढले.

सर मूळचे बेळगावकडचे. मला पहिल्या दिवसापासून ते मॅडम म्हणत, आणि मी त्यांच्या मुलीपेक्षाही लहान होते. कॉम्प्युटर आले, टायपिंग शिकायला कोणी येईना, तेव्हा त्यांनी निम्मी मशिनं बाजूला सारून दोन कॉम्प्युटर मांडले होते. वेब पान बनवायची भाषा त्यांना फार आवडली. "उघडलं की बंद करायचं. शिस्तीची भाषा आहे," म्हणायचे. तिच्यातल्या भागांना त्यांनी आपली नावं दिली होती. पानाच्या वरच्या पट्टीत जे शीर्षक दिसतं आणि ज्याला इंजिन सर्वांत जास्त भाव देतं, त्याला सर कपाळ म्हणत. लोकांना न दिसणारे, फक्त इंजिनसाठी लिहायचे शब्द म्हणजे पोट. "कपाळावर काय लिहिलं, मॅडम? पोटात काय घातलं?" असं ते विचारायला लागले, की जिन्यात उभा असलेला परका माणूस गोंधळून जायचा.

"कपाळावर लिहिलेलं बदलता येत नाही म्हणतात," एकदा ते म्हणाले, "आपण तर रोज बदलतो. भीती वाटते बघा."

त्यांना चुकांची दहशत होती. टेबलावरच्या काचेच्या ग्लासात लाल पेन्सिली टोकदार करून ठेवलेल्या असत. इन्स्टिट्यूटचा नियम एकच होता, आणि तो प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याच्या तोंडून मी ऐकला आहे: एक चूक, पान फाडा. शेवटच्या ओळीत चूक झाली तरी पान फाडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तेही स्वतःच्या हातानं, सगळ्यांसमोर. पान बिनचूक निघालं तर सर चष्मा वर करून कन्नडमधला एकच शब्द बोलत: "सरी." म्हणजे ठीक. यापुढे त्यांच्याकडचं कौतुक संपायचं. आमच्या नागपुरात एवढ्या कौतुकावर कोणी दुसऱ्यांदा आलंच नसतं.

पण सगळ्या चुकांची राणी म्हणजे एच. खाली रस्त्यावर इन्स्टिट्यूटचा जुना बोर्ड होता. मुलगी झाली तेव्हा सरांनी इन्स्टिट्यूटला तिचं नाव दिलं, ललिता. पेंटरनं इथल्या रिवाजाप्रमाणे इंग्रजीत टी-नंतर एच घातला. सरांनी शिडी मागवली, स्वतः वर चढले आणि तो एच खरवडून काढला. जागा मात्र मोकळी राहिली. त्यामुळे बोर्डावरची ललिता पुढचा दात पडल्यासारखी दिसायची.

"टी-एच म्हणजे थ," सर म्हणायचे. "माझी मुलगी ललिथा आहे काय ओ?"

कानडी माणसाचं म्हणणं असं, की नुसता टी म्हणजे ट, आणि मग ती ललिटा होईल. दोन्ही बाजू बरोबर होत्या, हीच पंचाईत होती.

मुलीचं काय झालं ते मला काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, तांदूळ निवडता निवडता सांगितलं. ललितानं जयनगरचा कानडी मुलगा पसंत केला. सर दोन दिवस जेवले नाहीत, मग हो म्हणाले. सगळं सुरळीत चाललं होतं. पत्रिका छापून आली आणि वधूच्या नावात एच निघाला. सर म्हणाले, सगळ्या परत छापा. मुलाकडच्यांनी निम्म्या वाटल्यासुद्धा होत्या. ललिता म्हणाली, "राहू दे की अप्पा. मला चालतंय."

"तुला चालतंय?" सर म्हणाले. "टायपिंग मास्तरची मुलगी, आणि नावातच टायपिंगची चूक?"

लग्नात ते उभे राहिले, अक्षता टाकल्या, पण पोरीशी बोलले नाहीत. पुढे दिवाळीला तिचं शुभेच्छापत्र आलं. पाठवणारीच्या नावात एच होता. सरांनी त्याला लाल पेन्सिलीनं गोल केला आणि पत्र परत टपालात टाकलं. त्यानंतर ती मल्लेश्वरमला आली नाही. काकू गुरुवारी देवळात जाते म्हणून बस पकडून जयनगरला जायच्या. सरांना ते माहीत होतं, कारण त्या निघताना ते दर वेळी विचारायचे, "देवळात छत्री नेतीस ना? तिकडं पाऊस आहे म्हणे." देऊळ आमच्याच रस्त्याला, चार घरं टाकून होतं.

मला त्या माणसाचा राग यायचा आणि त्याच वेळी दयाही यायची. माणसं लग्न, जात, भाषा पचवतात आणि एका अक्षरावर अडतात, हे मी तिथे पाहिलं. खरं दुखणं अक्षराचं नसतं, पण ते बोलून दाखवायला माणसाला अक्षरच सापडतं.

अशात एक दिवस जिना चढून एक उंच, हसरा तरुण आला आणि सरांसमोर वाकला.

"मावा, एक पान पाहिजे होता."

आमच्याकडे मावा म्हणजे खवा. हा पेढ्याची जाहिरात करायला आलाय, असंच मला वाटलं. तेवढ्यात काकूंच्या हातातला पेला खाली पडला आणि मला कळलं, की कन्नडमध्ये सासऱ्याला मावा म्हणतात.

जयनगरला घराच्या मागच्या शेडमध्ये नवरा-बायकोनं अगरबत्तीचा कारखाना काढला होता. जावयानं मालाला बायकोचं नाव दिलं होतं, अर्थात एचसकट. माल परदेशी पाठवायचा बेत होता. जर्मनीतला एक व्यापारी चौकशी करत होता, पण त्याला कारखान्याचं वेब पान बघायचं होतं. आणि जावई म्हणाला, नुसतं पान असून उपयोग नाही, शोधल्यावर सापडलंही पाहिजे. शहरात पानं बनवणारे दुसरे नव्हते असं नाही. हा इथेच का आला, ते आम्हा सगळ्यांना समजलं होतं.

"वी विल डू इट," सर इंग्रजीत म्हणाले. इंग्रजी ते फक्त गिऱ्हाइकांशी बोलत.

जावई गेल्यावर काकू दारात येऊन म्हणाल्या, "अहो, पोरीचं काम आहे. एवढं नीट होऊ दे. हे बिघडलं तर ती या उंबऱ्याला पुन्हा कधी शिवणार नाही." सर उठले आणि गॅस बघून आले.

पान मी केलं, मजकूर सरांनी टाइप केला. कपाळावर ललिता अगरबत्ती, एचशिवाय. चित्रांखाली, पोटात, सगळीकडे एचशिवाय. चित्रातल्या डब्यांवर मात्र एच ठळक दिसत होता. इन्स्पेक्टर येऊन गेला. आम्ही शोधून पाहिलं, तर पान कुठेच नाही. एका पानावर दहा नावं यायची. सर मला पुढचं पान, पुढचं पान म्हणत राहिले आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"सर," मी शेवटी म्हटलं, "शोधणारा जी अक्षरं टाइप करतो, तीच पानावर लागतात. इंजिनला शुद्ध-अशुद्ध कळत नाही. डब्यावर एच आहे, तर माणूस एच टाकूनच शोधणार. अगरबत्तीसुद्धा कोणी एका टीची लिहितो, कोणी दोन टींची, कोणी टी-एचची. सगळी लिहायला हवीत."

"चुकीची पण?"

"चुकीचीच जास्त."

त्यांनी खिडकीतून खालच्या बोर्डाच्या मागच्या बाजूकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे त्यानं चुकायचं, आणि आम्ही त्याच्या वाटेत जाऊन उभं राहायचं?"

"हो, सर. नाहीतर तो आपल्या शेजारून निघून जातो."

टायपिंगमध्ये एच मारायला उजव्या हाताची तर्जनी जे-वरून फक्त एक घर डावीकडे सरकवायची असते. हे मला सरांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांची तर्जनी जे-वरच बसून राहिली. मी चहा करायला आत गेले. बाहेर आले तर कपाळावर एच होता आणि सर खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छ झाल्यावरही पुसत होते.

इन्स्पेक्टरच्या पुढच्या फेरीनंतर पान पहिल्या दहात आलं, तिसऱ्या नंबरावर. काकूंनी साखर वाटली. सरांनी मात्र घेतली नाही. "वर चढलेलं खाली येतंच ओ," म्हणाले. रोज सकाळी नंबर बघायचे, दुपारी बघायचे, संध्याकाळी मी निघताना पुन्हा लावायला सांगायचे. जर्मनीचा व्यापारी नेमका कधी शोधेल ते कोणाला माहीत होतं? तेवढ्यात खाली घसरलं तर? घरात टेलिफोन एकच, आणि इंटरनेट लावलं की तो अडकायचा. काकू आतून हाक मारायच्या, "अहो, पोरगी फोन करत असेल आणि लाइन एंगेज लागत असेल!" लग्नानंतर पोरीनं या घरी एकदाही फोन केला नव्हता. तरी सर दचकून मला कनेक्शन तोडायला लावायचे, आणि पाच मिनिटांनी नंबर बघायला पुन्हा जोडायला. त्या दोघांच्या काळजीत तो एक टेलिफोन बिचारा मेटाकुटीला आला होता.

मी दिवाळीला नागपूरला गेले. परत आले तेव्हा सरांनी जिन्यावर प्रश्न विचारला नाही. खुर्चीवर बसून होते, हात मांडीवर.

"पान गेलं," म्हणाले.

मी शोधलं. एच घालून, एच काढून, सगळे शब्द लावून पाहिले. तिसऱ्यावर नाही, तिसाव्यावर नाही. इंजिननं पान आपल्या यादीतूनच काढून टाकलं होतं. मी पानाची मूळ फाइल उघडली. खालच्या बाजूला, जिथे पडद्यावर नुसती पांढरी जागा दिसत होती, तिथे पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ललिता, ललिता, ललिता अशा ओळींमागून ओळी होत्या. टी-नंतर एच. टायपिंगच्या पहिल्या महिन्यात एकच शब्द ओळभर, पानभर घोटून घेतात ना, तसा.

इंजिनला फसवायला लोक तेव्हा ही युक्ती करत आणि इंजिनंही ती ओळखायला लागली होती. एकच शब्द दडवून असा शेकड्यांनी लिहिला, की पान बाद. मीच कधीतरी बोलता बोलता या युक्तीचं नाव काढलं होतं. तिचा शेवट कसा होतो तेही सांगितलं होतं, पण काळजीच्या माणसाच्या कानात अर्धंच वाक्य शिरतं.

"सर, एवढं कशाला लिहिलंत?"

"नंबर घसरू नये म्हणून दोन ओळी घालायला बसलो," ते म्हणाले. "मग बोटं थांबेनात ओ. या पानाच्या आधी एवढ्या वर्षांत तिचं नाव हातून गेलंच नव्हतं." आणि मग हळू आवाजात, "इन्स्पेक्टरनं नापास केलं. पोरीचं पान मी बुडवलं."

मी त्या ओळी काढल्या, पान साफ केलं, इंजिनला पुन्हा कळवलं. परत घेतील की नाही, घेतलं तर कधी, हे सांगायला तिकडे कोणी माणूसच नव्हता. सर इस्त्रीचा शर्ट घालून रोज बसत. जेवण अर्धं राहायचं. काकू तर गुरुवारी देवळात गेल्या नाहीत. जयनगरला कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणाल्या. जावयाला सांगायचं ठरलं आणि फोन उचलायची कोणाची छाती होईना. मीही रात्री अंथरुणात त्या पांढऱ्या जागेचा विचार करत पडायची. आपण त्या घरात शेवटची काडी तर टाकली नाही ना, असं वाटून जीव थोडा थोडा व्हायचा.

शनिवारी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. सरळ वर आली, मधल्या वळणावर मोडलेली पायरी न बघता ओलांडून. ती पायरी माहीत असलेलं माणूस.

ललिताच्या हातात कागदांची गुंडाळी होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण कपाळ तर सरांचंच होतं. सर उठून उभे राहिले, जसे इन्स्पेक्टर आल्यावर राहत असतील.

"पान मी बुडवलं, ललिता," ते लगेच म्हणाले. "चूक माझी. मॅडमची नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "शोधून सापडेना, आणि आई गुरुवारी आली नाही. ह्यांनी मागेच पान छापून आणलं होतं. जर्मनीला फॅक्स करायचं होतं म्हणून."

जयनगरच्या सायबर कॅफेत जावयानं दिवाळीतच, मी पान साफ करायच्या आधी, एक कागद मागितला होता. तिथल्या कॉम्प्युटरवर सगळी अक्षरं काळीच छापायची, अशी खूण केलेली होती. पडद्यावर जे पांढऱ्यात दडलं होतं, तेही काळं होऊन बाहेर आलं. एका कागदाच्या जागी प्रिंटर कागद ओकतच राहिला. जावयाला वाटलं मशीन बिघडलं. ललितानं पहिला कागद बघितला आणि तिला कळलं, की हे मशीन म्हणजे तिचे अप्पा.

ती विद्यार्थ्यांच्या जुन्या स्टुलावर बसली. कागद टेबलावर पसरले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिचं नाव, समास सारखे, ओळी सरळ. तिनं ग्लासातली एक लाल पेन्सिल उचलली.

"मी सगळं तपासलं, अप्पा. रात्र रात्र तेच करत होते." तिनं कागद पुढे सरकवले. "एक चूक आहे."

मधल्या कागदावर, मधल्या एका ओळीत, तिनं गोल केला. तेवढ्या एका जागी सरांचं बोट जे-वरून सरकलं नव्हतं. तिथे ती नुसती ललिता होती, एचशिवाय, बोर्डावरची.

"नियम काय आहे?" तिनं विचारलं. "फाडायचं ना?"

सरांनी चष्मा लावला. कागद हातात घेतला. गोल केलेल्या ओळीवर तर्जनी ठेवली. आतल्या दारात काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. खिडकीतून ऊन येत होतं आणि खाली कोणीतरी ऑटोवाल्याशी भाडं ठरवत होतं.

"राहू दे की," सर म्हणाले. मग चष्मा वर केला. "सरी आहे."

ललितानं पेन्सिल खाली ठेवली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. सरांना काय करावं ते कळेना. त्यांनी आधी कागद नीट घडी करून खिशात ठेवला, आणि मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

काकूंनी मला चहा टाकायला सांगितला, कारण त्यांच्यानं काही होईना. जाताना मी सवयीनं कॉम्प्युटर लावायला गेले, तर सर म्हणाले, "फोन मोकळा राहू दे, मॅडम. ही पोचली की करेल." इन्स्पेक्टर येऊन गेला का, हे त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही.